क्लच सेटची पावती काय सांगते?

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या घरगुती गाडीदुरुस्तीचा इतिहास तुम्हाला लिहायचाय. वसमतच्या एका घरात जुन्या मारुती 800 च्या कागदांत 'क्लच सेट' अशी पावती सापडली. तुम्ही वहीत लिहिता: 'रिलीज बेअरिंग झिजलं, म्हणून गॅरेजमध्ये बदललं.' जरा थांबा. यातलं काहीच पावतीवर नाही.

आधी काम समजून घ्या. क्लच दाबला की हे बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर दाबलं जातं आणि इंजिनाची ओढ गिअरबॉक्सपासून सुटते. ते झिजलं की पेडल दाबताना घरघर येते. उलट, पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर जातो.

पण बेअरिंग बसलंय इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे. म्हणजे गाडी भक्कम स्टँडवर घ्यायची (नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही), बॅटरीची तार काढायची, गिअरबॉक्सचं ऑइल काढायचं, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट सोडवायचे, तेव्हा कुठे गिअरबॉक्स खाली येतो. अंगणात हे दिवसभराचं काम. एवढं उघडल्यावर फक्त बेअरिंग बदलून कोण बंद करेल? क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही एकदम बदलतात. त्यामुळे बिघाड नेमका कशात होता, हे 'सेट'वरून कळत नाही.

मजुरीची नोंद नाही, म्हणून काम घरीच झालं असंही म्हणू नका. मिस्त्रीला पैसे हातात दिले असतील. घरातल्यांच्या कष्टाची पावती तर कुणीच फाडत नाही.

आता नंबरप्लेट पाहा. एमएच-22 म्हणजे परभणी. गाडी बाहेरून आणलेली? तसंच काही नाही. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला, एमएच-38 त्यानंतरचा. त्याआधी वसमतमध्ये घेतलेल्या गाडीलाही परभणीचाच नंबर मिळायचा. आणखी मागे गेलात तर शोध हैदराबादपर्यंत न्यावा लागेल, कारण सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता.

मग करायचं काय? ज्यांनी गिअरबॉक्स उतरवला त्यांच्याकडे जा. 'काय बिघडलं होतं?' असं विचारलंत तर 'क्लच गेला होता' एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा: 'आवाज कधी यायचा, पेडल दाबल्यावर की सोडल्यावर? खाली गिअरबॉक्स कुणी धरला?' जुनं बेअरिंग डब्यात पडलं असेल तर हातानं फिरवून पाहा, खरखर जाणवेल. फोटो काढा, तारीख आणि सांगणाऱ्याचं म्हणणं लिहून ठेवा.

हे आजच करा. भंगारवाला आला की बेअरिंग किलोच्या भावानं जातं, आणि तुमच्याकडे उरते फक्त ती पावती.