आझाद हिंदचे जनरल, निर्वासितांचे उपमंत्री

सेनापतीने राज्यकारभार हाती घेणं आपल्या शहराला नवं नाही. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर मुळात लढवय्याच. आताच्या काळात मात्र ‘जनरलसाहेब राजकारणात आले’ असं ऐकलं की आपल्याला धास्ती वाटते. ती उगाच नाही. पहिल्या महायुद्धातला जर्मन सेनापती हिंडेनबुर्ग १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९३३ मध्ये त्यानेच हिटलरला चॅन्सेलर नेमलं. आज ज्यांच्याविषयी बोलायचं ते जनरल कोकणातले, आणि त्यांची वाट अगदी निराळी.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ चा, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचा. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात शिकून ते इंग्लंडात सँडहर्स्टला गेले आणि ब्रिटिश हिंदी सेनेत अधिकारी झाले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले, त्यांत भोसलेही होते. ते आझाद हिंद फौजेत सामील झाले. वर्षअखेरीस मोहनसिंगांचं जपान्यांशी बिनसलं आणि पहिली फौज मोडली. तेव्हा विखुरलेली माणसं पुन्हा जमवण्याच्या कामात भोसले पुढे होते. नेताजींच्या २१ ऑक्टोबर १९४३ च्या हंगामी सरकारात त्यांचं नाव आहे. पुढे ते मेजर जनरल झाले. रणांगणावर गाजलेला हा सेनानी नव्हे. त्यांचं काम छावणीतलं, नेमणुकांचं, शिस्तीचं, आणि अशा कामाचे पोवाडे कोणी रचत नाही.

या फौजेचं बोधवाक्य होतं ‘इत्तेहाद, इतमाद, कुर्बानी’. म्हणजे एकी, विश्वास आणि त्याग. मराठवाड्यातल्या माणसाला यातला पहिला शब्द जरा टोचेल. रझाकारांच्या दिवसांत तो इथे दुसऱ्याच एका संघटनेच्या नावातून ऐकू येत होता. पण सिंगापुरात त्याच शब्दाखाली मराठा, पंजाबी, तमिळ एकत्र उभे होते. नेताजींबरोबर जर्मनीहून पाणबुडीतून निघालेले आबिद हसन तर आपल्याच हैदराबाद संस्थानातले. शब्द बिचारा काय करणार, तो कोणाच्या तोंडी आहे ते पाहायचं.

नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज, सहगल, धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला. नेहरूंनी जुना वकिली झगा पुन्हा अंगावर चढवला, देश पेटला. पण स्वातंत्र्य आलं तरी आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना सेनेत परत घेतलं गेलं नाही. मोडलेली शपथ लष्कर विसरत नाही, असं त्याचं समर्थन केलं जातं. मला ते पुरतं पटलेलं नाही. शपथ कोणाच्या राजाची होती, हे कोणी विचारायचं?

बराकीचं दार बंद झालं, मतपेटीचं उघडं होतं. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भोसले काँग्रेसतर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. शाहनवाज मेरठहून आले. नेहरूंनी भोसल्यांना पुनर्वसन खात्याचं उपमंत्रिपद दिलं.

फाळणीने उखडलेल्या लाखो माणसांचं हे खातं. घरं, नुकसानभरपाई, कर्ज यांच्या फायली होत्याच. भोसल्यांचं लक्ष गेलं ते पोरांकडे. १९५४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरच्या कस्तुरबा निकेतनात, निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ सुरू केली. कवायत, व्यायाम आणि जोडीला देशाच्या इतिहासातल्या गोष्टी. शिस्त ही लष्करी माणसाची आवडती दवा, हर मर्जावर तीच. ज्या लेकरांनी घर जळताना पाहिलं त्यांना ‘सावधान-विश्राम’ने काय मिळणार, अशी शंका येते. पण छावणीत ज्याच्या दिवसाला आकारच उरलेला नाही, त्याला रोज ठरलेल्या वेळी कोणी रांगेत बोलावणं, नावाने हाक मारणं, हेही थोडं नसतं. योजना पुढे इतर राज्यांतल्या शाळांतही गेली.

१९६३ मध्ये भोसले वारले. दोनच वर्षांनी सरकारने त्यांची योजना नव्या राष्ट्रीय शारीरिक क्षमता दलात मिसळून टाकली आणि तिचे कवायत शिक्षक त्या दलात गेले.