बावीस जून : लंडनची आणि पुण्याची

शाळेत फळ्यावर सुविचाराच्या खाली 'दिनविशेष' लिहिलेला असायचा, आठवतं? कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कुठली तरी लढाई. एकाच दिवशीच्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध बहुधा नसायचाच. २२ जूनचं मात्र तसं नाही. आपण जिथून आलो आणि आज ब्रिटनमध्ये जिथे राहतो, त्या दोन्ही ठिकाणांचा इतिहास या तारखेला एकदा नाही, दोनदा एकमेकांत गुंतला. आधी १८९७ साली आणि मग १९४८ साली.

२२ जून १८९७, मंगळवार. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून लंडनमध्ये हीरक महोत्सवाची थाटाची मिरवणूक निघाली. निघण्यापूर्वी राणीने राजवाड्यात विजेचं बटण दाबलं आणि तिचा आभाराचा संदेश तारेने साम्राज्यभर गेला. मिरवणुकीत वसाहतींचे पंतप्रधान होते, हिंदुस्थानी घोडदळाचे अधिकारी होते. वयामुळे राणीला सेंट पॉल्सच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून प्रार्थना चर्चच्या बाहेरच झाली आणि राणी बग्गीतच बसून राहिली. साम्राज्याचं वैभव याहून मोठं कधी दिसलं नसेल.

त्याच वेळी पुणं कसं होतं? प्लेगने पोळलेलं. १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या होत्या. साथ आवरण्यासाठी सरकारने त्याच वर्षी नवा कायदा केला होता (हाच कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर निघाला!) आणि पुण्याच्या प्लेग कमिटीवर वॉल्टर रँड या अधिकाऱ्याला नेमलं होतं. रोगी शोधायला गोरे सोल्जर घरात शिरत. स्वयंपाकघर, देवघर काही सुटत नसे. सामान रस्त्यावर येई, माणसं छावणीत जात. रोग आवरायला हवाच होता, पण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांना कोणी विश्वासातच घेतलं नाही.

महोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये होती. रात्री पाहुणे परतू लागले. 'गोंद्या आला रे' ही खुणेची हाक आली आणि दामोदर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. बाळकृष्ण चाफेकरांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला गेला. पुढे दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिन्ही भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले. एका घरातले तीन मुलगे! 'केसरी'तल्या लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाची १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांना सोडा म्हणून राणीकडे अर्ज करणाऱ्यांत ऑक्सफर्डचे मॅक्स म्युलरही होते. गोखले त्या सुमाराला इंग्लंडमध्येच होते. सोल्जरांच्या अत्याचाराबद्दल ते इथे बोलले, पण पुरावा देता येईना म्हणून मुंबईला उतरल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. १९७९ सालचा '२२ जून १८९७' हा सिनेमा या घटनेवरचाच. पाहिला नसेल तर जरूर मिळवून पाहा.

आता ५१ वर्षं पुढे येऊ. २२ जून १९४८. व्हिक्टोरियाचा पणतू सहावा जॉर्ज याच्या नावाने एक जाहीरनामा निघाला. हिंदुस्थानचा सम्राट हा किताब राजाच्या बिरुदावलीतून काढून टाकला. पुढच्या वर्षीपासून ब्रिटिश नाण्यांवरची 'इंड इंप' ही अक्षरंही गेली. घरात कोणाकडे जुनी नाणी असतील तर १९४८ चं आणि १९४९ चं नाणं शेजारी ठेवून बघा. साम्राज्य संपल्याचा पुरावा हातात येतो.

आणि त्याच दिवशी टिलबरीच्या बंदरात 'एम्पायर विंडरश' बोटीतून प्रवासी उतरत होते. हजारावर माणसं, त्यातली ८०० हून अधिक कॅरिबियन बेटांवरून आलेली. एकीकडे राजाचा किताब जात होता, दुसरीकडे त्याच राजाची प्रजा हक्काने त्याच्या घरी राहायला येत होती. पुढे आपली माणसंही याच हक्काने आली आणि १९६२ च्या कायद्याने ही वाट अरुंद केली. विंडरशच्या पिढीतल्या कित्येकांना कागद दाखवता येईनात म्हणून परकं ठरवलं गेलं, आणि २०१८ मध्ये हे उघड झालं तेव्हा सरकारला माफी मागावी लागली. त्याच वर्षापासून २२ जून इथे 'विंडरश दिवस' म्हणून पाळतात.

वाचकहो, आपली मुलं हा दिवस शाळेत ऐकतात. गणेशखिंडीबद्दल मात्र त्यांना तिथे कोण सांगणार? ते काम आपलंच. सांगताना पोवाडाच गायला पाहिजे असं नाही. रँडचा जाच सांगावा, तशा दोन माणसांवर झाडलेल्या गोळ्याही सांगाव्यात, आणि त्या घरातल्या आईबापांचं काय झालं असेल हेही विचारावं. मुलं मोठी आहेत, त्यांना झेपतं. अर्धाच इतिहास ऐकलेल्या मुलाला वाटतं की आपण या देशात कालपरवा आलेले पाहुणे आहोत. पुरता ऐकला की कळतं, या देशाशी आपला हिशेब फार जुना आहे.

आणि हो, ज्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये ती मेजवानी झाली, तिथे आज पुण्याचं विद्यापीठ आहे. २०१४ पासून त्याला नाव आहे सावित्रीबाई फुले यांचं.