मैत्रीमार्ग

सरहद्दीचा इतिहास बहुधा सैन्यांच्या हालचालींवरून लिहिला जातो. फौज कोठून शिरली, तह कोठे झाला, रेघ किती सरकली, एवढे सांगितले की इतिहासकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. परंतु शिदोरी घेऊन डोंगर चढलेल्या मूठभर माणसांची एका दिवसाची पायपीटही कधी कधी त्या इतिहासात नोंदावी लागते. १९७८ च्या ऑगस्टमध्ये पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्या सरहद्दीवर घडलेली पायपीट अशांपैकी आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ती जागा पाहू. या दोन देशांमध्ये क्रकोनोशे नावाची पर्वतरांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर स्न्येश्का १,६०३ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून किंचित ठेंगणेच. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उभे राहिले असता एका हातास कोकण व दुसऱ्या हातास देश दिसतो. तसा येथे एका हातास पोलंड आणि दुसऱ्या हातास बोहेमिया. १९४५ पर्यंत उत्तरेकडचा उतार जर्मनीत होता. महायुद्धानंतर तो पोलंडकडे आला. पुढे दोन्ही देशांत कम्युनिस्ट राजवटी स्थिरावल्या. कागदोपत्री ही बंधुराष्ट्रे, पण सरहद्दीवर बंदूकधारी पहारा होताच. १९६१ साली धारेवरची वाट दोन्हीकडच्या पदयात्रींना खुली झाली आणि तिला ‘पोलिश-चेकोस्लोव्हाक मैत्रीमार्ग’ असे भारदस्त नाव मिळाले. वाटेवर एकत्र चालावे, पण ज्याने त्याने आपल्याच बाजूस उतरावे, एवढीच ती मैत्री!

या मैत्रीची कसोटी १९६८ च्या ऑगस्टमध्ये लागली. प्रागमध्ये दुब्चेक यांनी आरंभिलेल्या सुधारणा चिरडण्यासाठी वॉर्सा कराराच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि त्यांत पोलिश सैन्यही होते. मात्र सरकार म्हणजे प्रजा नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. यात्सेक कुरोन आणि आदाम मिखनिक हे पोलिश विरोधक त्या वेळी आपल्याच सरकारच्या तुरुंगात होते.

पुढे १९७६ साली रादोम व उर्सुस येथील कामगारांवर दडपशाही झाली, तेव्हा त्यांच्या मदतीसाठी पोलंडमध्ये कामगार संरक्षण समिती निघाली. १९७७ च्या जानेवारीत चेकोस्लोव्हाकियातील नागरिकांनी ‘सनद ७७’ प्रसिद्ध केली. तिचे एक प्रवक्ते, तत्त्वज्ञ यान पातोच्का, पोलिसांच्या दीर्घ जबान्यांनंतर मार्चमध्ये निधन पावले. दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांस भेटायचे होते. पण पारपत्र कोण देणार? तेव्हा सरकारनेच आखून दिलेल्या मैत्रीमार्गाची त्यांना आठवण झाली.

ठरल्या दिवशी एका बाजूने कुरोन, मिखनिक, मात्सेरेविच आदी मंडळी चढली. दुसऱ्या बाजूने नाटककार व्हाक्लाव हावेल, गाण्यास बंदी झालेली गायिका मार्ता कुबिशोव्हा आणि त्यांचे सोबती. माथ्यावर गाठ पडली. १९६८ च्या आक्रमणास दहा वर्षे पुरी होत होती. त्यानिमित्त दोन्ही गटांनी संयुक्त निवेदन काढले. रणगाडे पाठवणाऱ्या देशाचे नागरिक आणि ते ज्यांच्या रस्त्यांत आले ते नागरिक एका कागदाखाली उभे राहिले. सरकारी मैत्रीला दहा वर्षांत जे साधले नव्हते, ते असे एका दिवसात घडले.

सप्टेंबरमध्ये दुसरी भेट झाली. ऑक्टोबरमधील तिसरी मात्र पोलिसांनी उधळून लावली. पण बी पडून गेले होते. स्वातंत्र्य व सत्ता या विषयावर दोन्ही देशांच्या लेखकांनी मिळून एक संग्रह काढावा, असे ठरले होते. त्यासाठीच हावेल यांनी त्या ऑक्टोबरमध्ये ‘सत्ताहीनांची सत्ता’ हा निबंध लिहिला आणि तो पातोच्कांच्या स्मृतीस अर्पण केला. दुकानात सरकारी घोषणेची पाटी निमूटपणे लावणारा भाजीवाला एके दिवशी ती लावायचे नाकारतो, तेव्हा काय घडते, याचा विचार त्यात आहे. १९७९ साली हावेल यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. निबंध मात्र हस्ते परहस्ते पोलंडमध्ये पोचला. उर्सुसच्या कारखान्यातील झ्बिग्निएव बुयाक यांनी पुढे सांगितले की, कामगार थकून हताश झाले असता या लिखाणाने त्यांना धीर दिला. १९८० मध्ये ‘सॉलिडॅरिटी’ उभी राहिली, तेव्हा बुयाक तिच्या पुढाऱ्यांपैकी एक होते.

एका पदयात्रेने राजवट पडली, असे आमचे म्हणणे नाही. कर्जबाजारी अर्थव्यवस्था, मॉस्कोतील बदल आणि लाखो कामगारांचे संप यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. पण शेजाऱ्याचा तुरुंग आणि आपला तुरुंग एकच आहे, ही ओळख आधी पटावी लागते, आणि ती या वाटेवर पटली. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये कुरोन मंत्री झाले आणि डिसेंबरमध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९९० च्या मार्चमध्ये याच डोंगरात हावेल आणि वालेन्सा उघडपणे भेटले. २१ डिसेंबर २००७ रोजी या सरहद्दीवरची तपासणीही उठली.

वाटेला मैत्रीचे नाव सरकारने दिले होते; ते खरे करण्याचे काम मात्र नागरिकांना आपल्या पायांनी करावे लागले.