ढगांतील उड्डाण आणि सिम्युलेटर : एक ऐतिहासिक तुलना

ढगात शिरलेल्या वैमानिकाला क्षितिज दिसेनासे होते आणि शरीराची दिशाजाणीवही विश्वासार्ह राहत नाही. दीर्घ वळणात अंतर्कर्णातील नलिकांमधील द्रव स्थिरावतो. परिणामी विमान वळत असूनही सरळ चालले आहे असे वाटते, आणि ते प्रत्यक्षात सरळ केले असता उलट बाजूस वळल्याचा भास होतो. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उपकरणांवर उड्डाण करण्याचा अनुभव नसलेले २० वैमानिक होते. बाहेरचे दृश्य झाकल्यावर त्या सर्वांचा विमानावरील ताबा सुटला; त्यास सरासरी १७८ सेकंद लागली.

या उणिवेवरील उपाय त्याआधीच दोन दिशांनी शोधला गेला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल याने झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडविले व उतरविले. त्याच वर्षी ऑर्गन बनविणाऱ्या घराण्यातील एडविन लिंक याने ऑर्गनचे भाते व पंप वापरून जमिनीवरचे शिक्षणयंत्र सिद्ध केले. प्रारंभी ते बहुतांशी करमणुकीच्या उद्यानांतच विकले गेले. १९३४ मध्ये अमेरिकेत टपालवाहतूक लष्करी वैमानिकांकडे आली, खराब हवामानात अनेकांचे प्राण गेले, आणि त्यानंतर लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. लष्करी शिक्षणात सिम्युलेटरचा प्रवेश झाला तो अशा प्राणहानीनंतर.

तथापि आजचे प्रगत यंत्रही प्रत्यक्ष उड्डाणाची सर्व लक्षणे निर्माण करू शकत नाही. सहा पायांवर हलणारा त्याचा मंच वळणाचा आरंभ जाणवून देतो. परंतु त्या पायांची धाव मर्यादित असल्याने दीर्घकाळ टिकणारा वळणाचा दाब त्यास देता येत नाही. म्हणजे शरीराची जी फसवणूक ढगात घातक ठरते, तिचाच पूर्ण प्रत्यय तेथे येत नाही.

याउलट, प्रत्यक्ष उड्डाणाचीही एक मर्यादा आहे. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईस निघाले आणि दोन मिनिटांच्या आतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी ढगांचा प्रश्न नव्हता. पण रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नसेल, तर वैमानिकाची अवस्था ढगातल्यासारखीच होते. कप्तानासमोरील क्षितिजदर्शक बिघडून उजवा कल दाखवीत राहिला; म्हणून त्याने विमान डावीकडे कलविले व ते अधिकाधिक कलत गेले. बिघाड एका उपकरणाचा होता. इतर उपकरणांशी ताडून विमानाची खरी स्थिती ओळखणे शक्य होते. ते घडले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले.

असा बिघाड प्रवाशांनी भरलेल्या विमानात सरावासाठी मुद्दाम घडविता येत नाही. सिम्युलेटरमध्ये मात्र तो शंभर वेळा घडविता येतो, आणि खोटे बोलणारे उपकरण इतरांच्या साक्षीने ओळखण्याची सवय वैमानिकाच्या अंगी बाणविता येते. परंतु भयाच्या क्षणी शरीर उलट साक्ष देत असता त्या सवयीवर टिकून राहणे, ही कसोटी जमिनीवर पुरी होत नाही. म्हणून उड्डाणाच्या तासांऐवजी सिम्युलेटरचे तास चालतील काय, हा प्रश्नच अपुरा होय. कोणता धोका कोठे शिकविता येतो, याची विभागणी करणे हे शिक्षणसंस्थांचे खरे कर्तव्य ठरते.