फार बियॉन्ड द स्टार्स

'फार बियॉन्ड द स्टार्स' हा 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेच्या सहाव्या पर्वातील भाग असून तो फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रसारित झाला. दिग्दर्शन व प्रमुख भूमिका अ‍ॅव्हरी ब्रूक्स यांची आहे.

कथानक

अंतराळ स्थानकाचा प्रमुख बेंजामिन सिस्को याला भास होतात. त्यांत तो १९५३ सालच्या न्यूयॉर्कमधील बेनी रसेल हा कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखक असतो. बेनीच्या कथेचा नायक कृष्णवर्णीय असल्याने संपादक ती नाकारतो. सारे स्वप्न होते, असा शेवट जोडल्यावर ती स्वीकारली जाते. परंतु मालक संपूर्ण अंकच नष्ट करवतो आणि बेनीची नोकरी जाते.

आशय

भविष्याची कल्पना करण्याचा अधिकार कोणाला, हा या भागाचा मूळ प्रश्न आहे. शेवटी सिस्कोलाच शंका येते, की आपणच बेनीचे स्वप्न तर नाही?