बेलभंडार ते प्रतिज्ञापत्र: शपथेवर लिहिण्याची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. आज बोलतोय कसाऱ्याहून, म्हणजे जिथे लोकल संपते आणि घाट सुरू होतो तिथून.

गेल्या वर्षी काकांच्या जमिनीच्या केससाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. टायपिंगवाल्याने जुनीच फाईल उघडली, नाव बदललं आणि प्रिंट काढली. काकांनी न वाचता सही केली. घरी आल्यावर मी वाचलं, तर तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्याच गावाचं नाव! कोडमध्ये कॉपी-पेस्ट केलं की बग येतो, हे मला माहीत होतं. इथे मात्र तो बग काकांच्या शपथेत शिरला होता.

मग प्रश्न पडला, ही शपथ आली कुठून?

मराठेशाहीत गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी आपापली तकरीर, म्हणजे बाजू, मांडायचे. शपथ घ्यायची तर बेलभंडार उचलायचा. साक्षी-पुराव्याने निकाल लागेना, तर दिव्य! उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की नाही, यावरून खरं-खोटं ठरायचं.

इंग्रजी कोर्टांत आधी हिंदूंना गंगाजल आणि मुसलमानांना कुराण हातात देऊन शपथ घ्यायला लावत. १८४० च्या कायद्याने ते बंद केलं आणि देवाला स्मरून 'मी खरं सांगेन' एवढं म्हणणं पुरेसं झालं. पुढे १८७३ चा शपथ कायदा आला, मग १९६९ चा. आज देवाचं नाव न घेताही प्रतिज्ञेवर सांगता येतं.

म्हणजे हात भाजायचा धोका गेला, पण जबाबदारी राहिली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश १९ सांगतो, की प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीतल्याच गोष्टी लिहायच्या. अंतरिम अर्जात 'माझी अशी समजूत आहे' असं लिहिता येतं, पण त्या समजुतीचा आधार द्यावा लागतो. आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तो फौजदारी गुन्हा आहे.

आता आपल्या डोंगरातली गोष्ट. शहापूर-मुरबाडकडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसली, पण कागद कुठे होता? २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत म्हणून एक भारी तरतूद आली: दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं, तर तोही पुरावा. आजीची आठवण थेट सरकारी फाईलमध्ये!

फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्या लोकांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली आणि कोर्टाने राज्यांनाच सांगितलं, की दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली ते प्रतिज्ञापत्रावर सांगा. या वेळी शपथेवर उत्तर द्यायची पाळी सरकारची होती.

म्हणून मंडळी, घरात कोणाचं प्रतिज्ञापत्र असेल तर एवढं करा. मुद्द्यांना नंबर द्या. डोळ्यांनी पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगवेगळं लिहा. कोऱ्या कागदावर सही नकोच. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला अंगठा लावण्याआधी त्याच्याच बोलीत सगळं वाचून दाखवा.

काकांचं आम्ही पुन्हा टाईप केलं. या वेळी काकांनी आधी पूर्ण ऐकलं, दोन ठिकाणी "असं नाय, असं झालं होतं" म्हणाले आणि मगच सही केली.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!