राज्यारोहण आणि गावकूस

६ मे २०२३ रोजी लंडनमध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या मस्तकावर मुकुट ठेवला गेला, त्या दिवशी आमच्या सातारा-सांगलीकडे राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन होता. महाराज गेले ते ६ मे १९२२ रोजी. योगायोग इथेच संपत नाही. ज्या सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते, तो एडवर्डही १९१० साली ६ मे रोजीच वारला. मुंबईच्या डबेवाल्यांनी नव्या राजासाठी पुणेरी पगडी आणि उपरणे घेतल्याची बातमी त्याच दिवसांतली. (पगडीच का, जोतीरावांचे पागोटे का नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि तसाच राहिला.) पण मला खरे अडवले ते आपल्याच वस्तीतल्या एका विद्यार्थ्याने. तो म्हणाला, "सर, आपले लोक इंग्रजधार्जिणे होते असे वर्गात बोलले जाते. राजाला मुकुट चढला की आपले लोक काय करत होते?"

आरोप जुना आहे. त्याला रागाने उत्तर देण्यापेक्षा तारखांनी द्यावे.

पहिली तारीख १ जानेवारी १८७७. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे लॉर्ड लिटनच्या दिल्ली दरबारात जाहीर झाले. त्या वेळी दख्खन दुष्काळाने होरपळत होती. माण, खटाव, खानापूर हा तर सातारा जिल्ह्याचा कायमचा अवर्षणाचा पट्टा. त्यातले खानापूर आज सांगली जिल्ह्यात आहे. दरबाराच्या त्याच महिन्यात दुष्काळी कामांवरची मजुरी कापून माणशी एक रत्तल धान्याच्या हिशोबावर आणली गेली, आणि अर्धपोटी मजुरांनी ती नाकारून कामे सोडली. सार्वजनिक काका खादी नेसून दरबाराला गेले ही गोष्ट आपल्याला पाठ असते. खडी फोडणाऱ्यांनी उपाशीपोटी संप केला, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी धनकवडीला दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी आश्रम चालवला. त्याचे नाव व्हिक्टोरिया बालाश्रम. नाव राणीचे, भाकरी मात्र सत्यशोधकांनी मागून आणलेली. हेच जोतीराव, ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, २ मार्च १८८८ रोजी पुण्यात राणीच्या मुलापुढे, ड्यूक ऑफ कनॉटपुढे, शेतकऱ्याच्या वेषात उभे राहिले. हिऱ्यामोत्यांनी मढलेले हे पाहुणे म्हणजे राणीची प्रजा नव्हे, खरी प्रजा खेड्यात उपाशी आहे, हे आईला जाऊन सांगा, असे त्यांनी बजावले. राजनिष्ठेची ही कोणती जात, ते आरोप करणाऱ्यांनी ठरवावे.

खेड्यात सरकारी उत्सव म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. १८७४ च्या वतन कायद्याने महार हा सरकारचाही नोकर आणि गावाचाही. सांगावा पोचवणे, साहेबाच्या तळावर सरपण टाकणे, सामान पुढच्या गावापर्यंत वाहून नेणे, सारे त्याच्याच पाठीवर. राजाचा दिवस उभा राहायचा तो या पाठीवर. त्याला "साजरा करणे" म्हणायचे असेल, तर आपल्या लोकांनी तो दर वेळी साजरा केला.

आता १९०२. एडवर्डचे राज्यारोहण २६ जूनला व्हायचे होते. दोनच दिवस आधी राजावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबला. या मधल्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराज विलायतेत असताना करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम छापून आला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरल्या जातील. बादशहाच्या समारंभाला गेलेल्या एका मांडलिक राजाने बादशहाने जे कधी केले नव्हते ते करून ठेवले! माझ्या लेखी त्या वर्षीचे राज्यारोहण हेच.

१२ डिसेंबर १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जने देणग्यांची खैरात केली. लोकशिक्षणासाठी पन्नास लाख रुपये जाहीर झाले; पण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक पुढच्याच मार्चमध्ये फेटाळले गेले. हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवण्याचा हक्क मिळाला. पण महारांची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच बंद झालेली. ती उघडा, पोलिसात घ्या, निदान खालच्या सरकारी नोकऱ्या द्या, म्हणून शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०४ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये अर्ज केले होते. त्या अर्जांची भाषा राजनिष्ठेची आहे, हे मी लपवत नाही. दार ठोठावणारा शिव्या देत नाही. आणि १९११ सालच्याच गुन्हेगार जमाती कायद्याने मुंबई इलाख्यालाही कवेत घेतले. सातारा जिल्ह्यातल्या मांग-रामोशांना हजेरीचा फास बसला तो याच कायद्याखाली. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात ही हजेरी १९१८ साली बंद केली. इंग्रजी मुलखात ती राहिली. कायदा रद्द झाला तो ऑगस्ट १९५२ मध्ये, एलिझाबेथच्या अभिषेकाच्या नऊ महिने आधी. तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

राजावरचा विश्वास पुढे आपल्यातूनच ओसरला. १९३० च्या नोव्हेंबरात ज्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन पंचम जॉर्जने केले, तिथेच बाबासाहेबांनी विचारले की इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला विहीर, देऊळ, पोलीस, पलटण बंद होती. आज त्यातले काय उघडले? सहाव्या जॉर्जचा अभिषेक १२ मे १९३७ चा. त्याच्या दोन महिने आधी, १७ मार्चला, चवदार तळ्याचा निकाल मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने लागला होता. त्या वर्षीचा आपला उत्सव कोणता, हे वेगळे सांगायला नको.

राजे गेले, व्हाइसरॉयांची नावे मात्र सांगलीत राहिली. कृष्णेला पूर आला की आजही पाणी मोजतात ते आयर्विन पुलाजवळ. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी वसतिगृहाला शाहूंचे आणि शाळेला सयाजीरावांचे नाव दिले. तेवढा फरक दोन गावांत आहे.

त्या विद्यार्थ्याला मी साताऱ्याच्या सरकारी शाळेतली ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद सांगितली. रजिस्टर क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. घरून आणलेल्या तरटावर बसणारा, शिपाई असेल तरच पाणी मिळणारा मुलगा. बाप खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल.

"तेव्हा गादीवर कोण होते?" त्याने विचारले.

मी म्हटले, "व्हिक्टोरिया. अडीच महिन्यांनी वारली."